काका आणि ताई, आभार!
परवा ‘तुमचं खातं आज बंद होणार’ असा फोन आला आणि स्वतःला शहाणी समजणारी मी, त्यांनी सांगितलेलं स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकूनही बसले. ओटीपी वाचून दाखवणार, तेवढ्यात शेजारच्या बाकावरचे काका म्हणाले, “आधी नेट बंद करा, मग बोला.” त्यांचं नाव विचारायचंही भान राहिलं नाही.

बँकेच्या कार्डामागच्या नंबरवर भेटलेल्या ताईंनी एका शब्दाने न हिणवता खातं गोठवलं, अ‍ॅप काढायला लावलं. पासवर्ड मात्र दुसऱ्या फोनवरून बदलायला सांगितला. याच फोनवर बदलला असता तर तोही चोरांना दिसण्याची भीती! मला कुठलं सुचायला?

पैसे जागेवर आहेत. तुम्हा दोघांचे मनापासून आभार.