डंडास स्ट्रीटवरच्या आजींना थँक्यू

टोरंटोत आलो ती माझी पहिलीच जानेवारी, बाहेर उणे 18, फोन डेड आणि 505 स्ट्रीटकारमधून उतरल्यावर कळलं की बेसमेंटची चावी कुठेतरी पडली. लिटल पोर्तुगालमध्ये, म्हणजे शहरातल्या पोर्तुगीज वस्तीत, रात्री उघडं कोण असणार, एका चर्चच्या हॉलमध्ये दिवा दिसला म्हणून सरळ आत घुसलो. सत्तरीच्या एक आजी दुसऱ्या दिवशीच्या म्हाताऱ्यांच्या जेवणासाठी बटाटे सोलत होत्या. काही न विचारता त्यांनी माझे ओले मोजे हीटरवर टाकले आणि काल्दू व्हेर्द पुढे ठेवलं, म्हणजे बटाट्याचं दाट सूप, त्यात बारीक चिरलेला केल (कोबीच्या जातीची पालेभाजी). मी मांस खात नाही म्हटल्यावर सॉसेजची चकती स्वतः चमच्याने काढून घेतली (सूपला चव तिचीच होती, पण ते जाऊ दे). मग फोनवर फोन. सगळं पोर्तुगीज, पण मध्येच 'शाव्, शाव्' ऐकू आलं आणि ट्यूब पेटली, अरे ही तर आपली चावी! घरमालक गावाला गेलेला, त्याच्या बहिणीकडे जादाची चावी निघाली आणि आजी बर्फातून माझ्यासोबत चालत तिच्या दारापर्यंत आल्या.

नंतर कळलं की त्या पोर्तुगालच्या साओ मिगेल बेटावरून एकोणिसाव्या वर्षी इथे आल्या, तीस वर्षं रात्री डाउनटाउनची ऑफिसं झाडली, आणि आता दिवसा म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेतात, डॉक्टरांचं बोलणं समजावून सांगतात, पेन्शनचे फॉर्म भरून देतात. एक पैसा न घेता.

आजी, निघताना दिलेला सूपचा डबा अजून माझ्याकडेच आहे. आमच्यात रिकामा डबा परत देत नाहीत, शंकरपाळे जमले की आणतो.