कन्व्हर्टरच्या किल्ल्या

गुहागर, शनिवार रात्र

प्रिय बंड्या,

फोनच करणार होतो, पण वारं सुटलं की इथली रेंज जाते आणि शिवाय फोनवर तू "हो हो दे" म्हणून मोकळा होशील, म्हणून लिहितोय. आपला फॉन्ट कन्व्हर्टर, जुन्या फॉन्टातलं मराठी युनिकोडात आणणारा आपला फुकट प्रोग्राम, आता तू सांभाळ.

बाबांचे गुडघे गेल्यापासून बाग माझ्यावर आहे. सकाळी आंबे उतरवायचा झेला घेऊन झाडाखाली, दुपारी पेट्या भरायच्या, आणि रात्री लॅपटॉप उघडला की लोकांनी नोंदवलेल्या चुकांची, इश्यूंची रांग. एक तर दोन महिने पडून आहे, 'आर्थिक'चा. जुन्या फॉन्टात वेलांटी आधी, मग थ, मग रफार, आणि युनिकोडात बरोबर उलटं, र् आधी, मग थ, मग वेलांटी. मी आधी वेलांटी सरकवतो मग रफार, त्यात मध्ये जोडाक्षर आलं की पार चुथडा. दिवसभर पेट्या उचलून हे डोक्यात बसत नाही रे.

मध्ये एकाचा मेल आलेला, अॅक्सेस द्या, मी बघतो सगळं. खरं सांगतो, देऊनच टाकणार होतो. मग २०१८चं इव्हेंट-स्ट्रीम आठवलं, आपल्यासारखंच फुकट पॅकेज, तिथेही अशाच मदतीला आलेल्याला चावी दिली आणि त्याने आत जी डिपेन्डन्सी, म्हणजे दुसऱ्याच पॅकेजचा कोड, घुसवली ती कोपे नावाच्या वॉलेटमधल्या बिटकॉइनवर टपलेली. एक्सझेड, ते फाइली दाबून लहान करणारं टूल, तिथल्याने तर दोनेक वर्षं गोड बोलून काम केलं आणि २०२४ मध्ये बॅकडोअर, म्हणजे चोरवाट, घातलं, सापडलं कसं तर एकाला एसएसएचने दुसऱ्या मशीनवर लॉगिन करताना अर्धा सेकंद जास्त लागतोय असं वाटलं म्हणून! लोकांनी ज्यांनी चावी दिली त्यांनाच बोल लावले. मला मात्र त्यांचं पटतं, फुकटात राबून माणूस दमतोच.

म्हणून तूच. गिटहबवरचा रेपो, म्हणजे सगळा कोड, तुझ्या नावावर ट्रान्सफर करतो, जुन्या लिंका आपोआप तिकडे वळतील, फक्त मी माझ्याकडे त्याच नावाचा रेपो परत काढायचा नाही, नाहीतर वळणं बंद. पायपीआयवर, लोक जिथून पॅकेज उतरवतात तिथे, तुला ओनर करतो, तुझे दोन रिलीज नीट गेले की मी बाहेर. टेस्टमधली ती गचाळ वेलांट्यांची फाइल मात्र उडवू नकोस, दिसते भिकार पण तिनेच आपल्याला कितीदा वाचवलंय.

टू-फॅक्टर, म्हणजे पासवर्डवर दुसरी खूण, चालू कर, २०२४ पासून त्याशिवाय पायपीआयवर अपलोडच होत नाही. आणि फोन गेला तर आत शिरायचे रिकव्हरी कोड कागदावर छाप. माझा फोन गेल्या वर्षी विहिरीत पडला तेव्हा सातबाऱ्याच्या डब्यात ठेवलेल्या कागदानेच तारलं, आई म्हणाली हे कसले नंबर, मटका लावतोस काय!

जमणार नसेल तर सरळ नाही म्हण, रेपो आर्काइव्ह, म्हणजे फक्त वाचण्यापुरता, करून टाकीन, राग नाही. माझ्यासाठी म्हणून घेऊ नकोस.

पेटी सोमवारी एसटीने टाकतो. आंबे अजून कच्चे आहेत, गवतातच राहू दे, रोज दाबून बघू नकोस. आणि ते कोड छापलेस की फोटो काढून मला व्हॉट्सॅपवर पाठवू नकोस, तू पाठवशील म्हणून सांगतोय.

तुझा,
नाना