शिलालेखांतील राज्यकारभारही वाचकांपुढे यावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत सातवाहनांवर आलेला लेख आवडीने वाचला. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरात वंशातील क्षत्रप नहपानावर मिळवलेला विजय आणि ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले असा त्याचा गौरव, या दोन्ही गोष्टी लेखात आहेत. मात्र हे राज्य चालत कसे होते, हे लेखात कुठेच आलेले नाही. त्याची मला फार रुखरुख लागली. कारण हा गौरव राजमाता गौतमी बलश्रीच्या ज्या शिलालेखात आहे, तो नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर (पांडवलेण्यांत) ज्या तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात कोरला आहे, त्याच लेण्यात राज्यकारभाराचे दोन अस्सल कागद, म्हणजे दोन राजाज्ञा, दगडावर उतरवून ठेवलेले आहेत.

पहिली आज्ञा गौतमीपुत्राच्या १८व्या राज्यवर्षातली आहे. वैजयंतीच्या सेनेच्या विजयी छावणीतून ती गोवर्धनचा (नाशिक परिसराचा) अमात्य, म्हणजे राजाधिकारी, विष्णुपालित याला पाठवलेली असून, आजवर नहपानाचा जावई ऋषभदत्त याच्याकडे असलेले २०० निवर्तने (जमिनीचे जुने माप) शेत लेण्यांतील बौद्ध भिक्षूंना द्यावे, असे तीत सांगितले आहे. त्या शेतात राजपुरुषांनी शिरू नये, त्याला हात लावू नये, तेथे मिठासाठी खणू नये, अशा सवलतीही नोंदवल्या आहेत. ज्या गावांना अशी माफी नव्हती, त्यांना काय काय सोसावे लागत असेल, हे त्यावरूनच कळते. करव्यवस्थेचे असे बोलके वर्णन राजाच्या स्तुतिपर लेखात सापडत नाही.

दुसरी आज्ञा सहा वर्षांनंतरची, २४व्या वर्षातली आहे आणि माझ्या मते साऱ्या सातवाहन शिलालेखांत तिचे मोल सर्वांत मोठे आहे. राजा आणि राजमाता दोघांच्या नावाने ती अमात्य श्यामकाला उद्देशून आहे. कखडी गावात पूर्वी शेत दिले, पण ‘खेत न कसते, सो च गामो न वसति’, म्हणजे शेत कसले जात नाही आणि गावही वसलेले नाही. म्हणून नगराच्या सीमेवरील राजाच्या स्वतःच्या शेतातून १०० निवर्तने द्यावीत, असा तिचा आशय आहे. आपले दान निष्फळ ठरले, हे राजसत्तेने स्वतः मान्य केले, त्याचे कारण लिहिले आणि दुसरी जमीन दिली. शिवाय कसणे आणि वसणे ही क्रियापदे आपण आजही जशीच्या तशी वापरतो!

अर्थव्यवहाराचा पुरावाही याच डोंगरावर आहे, फक्त तो प्रतिपक्षाचा, म्हणजे नहपानाच्या बाजूचा, आहे. दहाव्या लेण्यात त्याच ऋषभदत्ताने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे (व्यावसायिक संघटनांकडे) ३००० कार्षापण (त्या काळची नाणी) कायम ठेव म्हणून ठेवल्याची नोंद आहे. त्यांतील २००० वर दरमहा शेकडा एक आणि १००० वर पाऊण असे व्याज ठरले. पहिल्या रकमेचे वर्षाचे व्याज २४० कार्षापण होते आणि वर्षावासातील, म्हणजे पावसाळ्यात लेण्यात राहणाऱ्या, २० भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ याप्रमाणे ते बरोबर पुरते. मूळ रक्कम परत मागायची नाही, हेही ठरले होते आणि हा व्यवहार निगमसभेत (नगराच्या सभेत) जाहीर करून दप्तरी नोंदवलेला होता. विणकरांची संघटना राजाच्या जावयाचे पैसे पिढ्यान्‌पिढ्या सांभाळील, एवढी तिची पत त्या समाजात होती. त्या काळच्या कारागिरांविषयी लिहिताना आपण त्यांना केवळ राबणारे हात समजतो, ते मला अन्यायाचे वाटते.

म्हणून माझी विनंती अशी, की पुरवणीत या तीन शिलालेखांचा मूळ प्राकृत पाठ देवनागरीत आणि शेजारी मराठी अर्थ, असा छापावा. निवर्तन, अमात्य, श्रेणी, निगमसभा या शब्दांवर जाणकारांकडून टिपणे लिहून घ्यावीत. शाळांच्या सहली या लेण्यांवर येतात; मुलांच्या हाती ते पान असले, तर भिंतीवरची ब्राह्मी अक्षरे त्यांना बोट ठेवून वाचता येतील.

आपला,
एक नियमित वाचक, नाशिक