दोष एकट्या प्याल्याचा नाही

रविवार पुरवणीतला ‘एकच प्याला’वरील लेख वाचला. हे नाटक दारूच्या दुष्परिणामांचे, हे लेखातले म्हणणे अर्धेच पटते. नाटककार राम गणेश गडकऱ्यांच्या निधनानंतर १९१९ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले, तेव्हापासून आपण नायक सुधाकराच्या हातातल्या प्याल्याकडेच बघत आलो. त्याची बायको सिंधू हिच्या हातातल्या जात्याचे काय? माहेर सधन, भाऊ मदतीला उभा. तरी नवऱ्याच्या शब्दाखातर ती माहेरचा पैसा घेत नाही. दळण दळते आणि तान्ह्या बाळाचे हाल होतात. नवऱ्याच्याच माराने मरणपंथाला लागल्यावरही ती त्याला वाचवायला खोटी जबानी देते. याला पातिव्रत्य म्हणून आपण टाळ्या दिल्या. (सिंधू साकारणाऱ्या बालगंधर्वांच्या गळ्याची मोहिनीही होतीच म्हणा.) आमच्या गावच्या जत्रेतल्या प्रयोगाला माझी आजी मात्र पदराने डोळे पुसता पुसता पुटपुटली होती, “अगं, पोराला घेऊन भावाकडे जा की!” आपल्या लेखात सिंधूचे व्रत एका ओळीत ‘आदर्श’ म्हणून उरकले आहे. पोराचा उल्लेखही नाही.

– एक नाट्यप्रेमी वाचक, मिरज