काउंटरवरच राहायचं ठरवलंय
तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर आईचा आवाज लगेच उतरला असता, म्हणून लिहितेय. ग्रंथालयाच्या आतल्या तालिकीकरण विभागातली, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करण्याची, जागा मी नको म्हणून कळवलंय. देवघेवीच्या काउंटरवरच राहणार.

बाबा, तुम्हाला वाटतं काउंटरवर नुसते शिक्के मारायचे, पण तो यातला सगळ्यात सोपा भाग हो. वाचक विचारतो, "आरोग्याची पुस्तकं कुठे?" बोट दाखवून मोकळं होता येतं. पण "कशाला हवीत?" म्हटलं की माणूस आक्रसतो, "कुठली माहिती मिळाली की काम होईल?" असं विचारलं की कळतं, घरात मधुमेह निघालाय आणि हवंय पथ्याच्या स्वयंपाकाचं पुस्तक. म्हणजे ड्यूई वर्गीकरणात, पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याच्या पद्धतीत, ६१६च्या रोगांकडे नाही, ६४१च्या स्वयंपाकाकडे न्यायचं. औषधाबद्दल मत द्यायचं नाही. आजाराचं नावही हळूच घ्यायचं, मागे रांग असते.

खरा कस लागतो तो "पुस्तक मी परत केलंय" म्हणणाऱ्यापाशी. तो खोटं बोलतोय असं धरून चालायचंच नाही. दोन पुस्तकं एकावर एक ठेवून घाईत स्कॅन केली की खालच्याचा बारकोड राहतो. पुस्तक शेल्फवर आणि नोंद त्याच्या खात्यावर. म्हणून आधी शोधायचं: नेमकी जागा, वरचा-खालचा कप्पा, रांगेमागची फट, परतीची ट्रॉली. दशांश चिन्हही घोळ घालतं. ६१६.१२ हे ६१६.४च्या आधी लागतं, पण बारा मोठे म्हणून कुणीतरी पुढे लावून टाकतं. सापडेपर्यंत खात्यावर शेरा लिहायचा, दंड थांबवायचा. हुज्जत घालून पुस्तक मिळत नाही.

संगणकापाशी बसलेल्यांचा पासवर्ड आपण टाइप करायचा नाही, कीबोर्ड त्यांच्याकडे सरकवायचा. प्रिंटआधी पान क्रमांक टाकायला लावायचे, नाहीतर एका पानापायी अख्खी फाइल छापली जाते.

आई, पाय दुखतील म्हणून जीव टांगू नकोस. उंच स्टूल आहे, पायाखाली पाट आहे, मधूनमधून जागा बदलतो आम्ही. एसीसाठी स्वेटर ड्रॉवरमध्येच असतो. आणि बाबा, माझ्या पुस्तकाचं पान फाटलं की सेलोटेप लावू द्यायचा नाहीत, मी रडायचे. बरोबर होतं तुमचं. ती पिवळी पडते, चिकटपणा कागदात उतरतो. आता वाचकांना मीच दटावते, अगदी तुमच्याच सुरात.

आता ऐका. बाबा, मोतीबिंदूची तपासणी पुढे ढकलायची नाही. तोवर मोठ्या अक्षरांची पुस्तकं मागून घ्या, त्यात कमीपणा नाही. आई, गुडघ्याचे व्यायाम रोज, पाहुणे आले तरी. माझी संध्याकाळची पाळी असेल तेव्हा नऊनंतरच फोन करेन. त्याआधी उचलला नाही तर शेजारच्यांना उठवू नका.

तुमची,
चिमी