गुलाबी परीक्षानळी

जळगाव, १८ जानेवारी

प्रिय मधू,

सप्रेम नमस्कार. तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिले नाही, याची खंत वाटते. माझा रक्तदाब ठीक आहे.

आज लिहितो आहे ते आपल्या त्या गुलाबी परीक्षानळीमुळे. मेसच्या तुपात वनस्पती तुपाची (डालड्याची) भेसळ आहे, हे तू फर्फ्युरल नावाचे रसायन आणि हायड्रोक्लोरिक आम्ल घालून दाखवलेस. वनस्पती तुपात कायद्याने मिसळावे लागणारे तिळाचे तेल तिथे लाल-गुलाबी उतरले. मेसवाल्यासमोर उभे राहण्याची वेळ आली तेव्हा मी मात्र गप्प राहिलो आणि तू सहा महिने माझ्याशी बोलला नाहीस.

धाकट्याने इटलीहून परतताना लिंबाएवढी काळी ट्रफल आणली. ओक किंवा हेझलच्या मुळांच्या आधाराने जमिनीखाली वाढणारी ही अळंबी कुत्र्याच्या नाकाने शोधतात. त्याने ती रात्रभर अंड्यांच्या डब्यात ठेवली, तर कवचातून आत वास शिरला. सकाळी कांदा-मिरची न घालता, लोण्यावर मंद आचेने भुर्जी केली आणि वर तिचे पातळ काप पसरले. मधू, पहिल्या सरीनंतर केळीच्या बागेतली माती, कुजलेला पाचोळा आणि किंचित लसूण, असा तो वास होता. हिने हौसेने भरितावरही किसून पाहिली (वांगी आसोद्याचीच होती, बामणोदचा तुझा हट्ट अजून मान्य नाही), पण धूर आणि हिरव्या मिरचीपुढे ती हरवली. गरम खिचडीवरच्या तुपात मात्र पुन्हा खुलली, कारण तिचा गंध स्निग्धात मुरतो. इटलीतल्या आल्बाची पांढरी ट्रफल याहून नाजूक. आच लागताच तिचा सुगंध उडतो, म्हणून ती ताटावरच कच्ची किसतात. उन्हाळी ट्रफल स्वस्त असते आणि तिचा वास सौम्य असतो.

इतके सारे मला शिकवणाऱ्या मुलाने पाडव्याला उघडणाऱ्या हॉटेलच्या मेनूत ‘ट्रफल खिचडी’ छापली आहे, आणि तिच्यात पडणार आहे बाटलीतले तेल. त्या तेलात ट्रफल नाही; प्रयोगशाळेत बनवलेले २,४-डायथायापेंटेन आहे. हा रेणू पांढऱ्या ट्रफलमध्ये खरोखर असतो आणि तो विष नाही, हे मी मान्य करतो. पण ट्रफलचा गंध अनेक संयुगांचा मेळ असतो. काळीच्या वासात तर डायमिथाइल सल्फाइडसारख्या इतर संयुगांचा वाटा मोठा. एका रेणूला अख्ख्या ट्रफलचे नाव देऊन गिऱ्हाइकाकडून पैसे घेणे मला मेसच्या तुपासारखेच वाटते. तो म्हणतो, युरोपातही हेच चालते. कर्ज उचललेले आहे, मेनू छापून आला आहे, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहिला की माझे शब्द घशातच राहतात. ‘ट्रफलच्या वासाचे तेल’ एवढेच त्याने छापावे, असे मला वाटते.

तुझ्या मुलीची बदली नाशिकला झाली, हे वाचून बरे वाटले. वहिनींचा गुडघा कसा आहे?

रविवारी मी त्याच्याशी बोलणार आहे. मेसवाल्याला तू पहिले वाक्य काय म्हणालास, ते मला ठाऊक नाही, कारण तेव्हा मी दारातून निघून गेलो होतो. ते रविवारच्या आत कळव.

तुझा,
दिनू