स्लो कुकर की नुसता कोमट डबा?

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: स्लो कुकर कोणत्याही बटणावर शिजवत नाही, बदलून द्यावा किंवा पैसे परत करावेत.

महोदय,

14 डिसेंबरला इंदुरात तुमचा साडेचार लिटरचा स्लो कुकर 4,299 रुपयांना घेतला. बिल आणि दुकानाचा शिक्का असलेलं वॉरंटी कार्ड सोबत आहे.

पुढच्या रविवारी देवासहून बहीण-मेहुणे येणार होते. तुमच्या पुस्तिकेत पहिलीच कृती बीफ स्टूची. ते आमच्या घरात चालत नाही, म्हणून सौ.ने तीच कृती बोकडाच्या मटणावर घेतली. खाटकाकडून खांदा आणि नळीचे तुकडे मुद्दाम मागून आणले, कारण असं चिवट मांसच मंद आचेवर छान उतरतं. बाकी सगळं पुस्तिकेबरहुकूम: मटण कढईत तांबूस होईस्तोवर परतलं, बटाटे-गाजरं तळाला, भांडं दोन तृतीयांश भरलेलं, झाकण बंद. सकाळी सात वाजता बटण ‘हाय’वर. पुस्तिका म्हणते, ‘हाय’वर चार ते पाच तास.

एक वाजता, म्हणजे सहा तासांनी, झाकण काढलं. एक बुडबुडा नाही. रश्श्यावर तेलाचा तवंग जसाच्या तसा. बटाट्यात सुरी घातली तर करकर आवाज आला. नळीजवळचा पांढरा पडदा, जो विरघळून रस्सा दाट व्हायला हवा, तो चिंध्यांसारखा लोंबत होता. थर्मामीटर घातला: 57 अंश.

बहीण म्हणाली, कुकरमध्ये घाल, चार शिट्ट्यांत मऊ होईल. मऊ झालं असतं, मान्य आहे. पण 5 ते 60 अंशांच्या मधे जंतू भराभर वाढतात आणि त्यांतल्या काहींचं विष नंतर कितीही उकळलं तरी जात नाही. दीड किलो मटण टाकून दिलं. पाहुण्यांना पिठलं-भात वाढला. मेहुणे काही बोलले नाहीत, हे जास्त लागलं.

तुमच्या हेल्पलाइनवर सांगण्यात आलं की पुस्तिकेतलं मांस वापरलं नसल्यामुळे असं झालं असेल. अहो, 57 अंशांवर बटाटासुद्धा शिजत नाही, त्याला कोणत्या जनावराचा दोष लावणार? मग सर्व्हिसवाला आला. त्याने कुकर उघडलाही नाही. भांड्याला बाहेरून हात लावला आणि म्हणाला, “अंकल, गरम तो हो रहा है. स्लो कुकर है, स्लो ही पकाएगा. आपके यहाँ वोल्टेज कम होगा.” कागदावर ‘दोष आढळला नाही’ लिहून गेला.

त्याला माहीत नव्हतं की मी वीज मंडळात मीटर तपासण्यात 34 वर्षं काढली आहेत. तो गेल्यावर मी कपाटातला क्लॅम्प मीटर, म्हणजे तारेभोवती पकडून वीजप्रवाह मोजायचं यंत्र, काढला. सगळ्या तारा एकत्र धरल्या तर क्लॅम्प शून्य दाखवतो, म्हणून एक्स्टेन्शनची एकच तार वेगळी करून त्यात धरली. व्होल्टेज 226, म्हणजे उत्तम. तुमच्या लेबलवर 250 वॉट छापलंय. त्या हिशेबाने ‘हाय’वर 1.1 अँपिअर यायला हवा. आला 0.36. बटण ‘लो’वर नेलं, 0.36. ‘वॉर्म’वर नेलं, 0.36. म्हणजे जेमतेम 80 वॉट. बटण कुठेही फिरवा, आत ‘वॉर्म’चीच जोडणी राहते. दोष बटणात आहे की आतल्या वायरिंगमध्ये, ते तुम्ही बघा. वॉरंटी जाऊ नये म्हणून मी एकही स्क्रू काढलेला नाही. आणि तुमच्याच पुस्तिकेत पान 6 वर लिहिलंय की ‘वॉर्म’वर अन्न शिजवू नये!

तिन्ही वेळच्या मीटरचे आणि थर्मामीटरचे फोटो जोडले आहेत. सर्व्हिसवाल्याच्या त्या कागदाची प्रतही.

15 दिवसांच्या आत नवा कुकर द्या किंवा 4,299 रुपये परत करा. नवा दिलात तर तो माझ्या घरी, माझ्या मीटरवर तपासूनच घेईन. पुन्हा हात लावून बघणारा माणूस पाठवू नका. दखल घेतली नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019च्या कायद्याने ग्राहक राहतो तिथेच तक्रार करता येते, त्यामुळे मला इंदूर सोडावं लागणार नाही. तुम्हाला मात्र यावं लागेल.

मटणाचे पैसे मी मागत नाही.

आपला,
एक ग्राहक
रामबाग, इंदूर